संगणक मंदावलाय, प्रोग्रॅम सारखे बंद पडताहेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र केले आहेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. मॅकवाल्यांनी आधी प्रश्न १७ पाहावा. मंदावणं आणि बंद पडणं ही दोन वेगळी दुखणी आहेत. कधी दोन्हींचं मूळ एकच निघतं, कधी त्यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसतो. त्यामुळे काहीही उडवण्याआधी किंवा नवं टाकण्याआधी संगणक स्वतः काय सांगतोय ते पाहायचं, हे सगळ्या उत्तरांत सारखं आहे.

१. संगणक खूप स्लो झालाय. सगळ्यात आधी काय करू?

बॅकअप घ्या. फोटो, कागदपत्रं, हिशेबाच्या फायली, जे गेलं तर परत मिळणार नाही ते सगळं बाहेरच्या डिस्कवर किंवा क्लाउडवर कॉपी करा. हा सल्ला कंटाळवाणा वाटतो आणि बहुतेक जण तो वगळून पुढे जातात. पण मंदावणं हे बिघडत चाललेल्या डिस्कचं पहिलं लक्षण असू शकतं. अशा डिस्कवर तासन्‌तास स्कॅन आणि डीफ्रॅग (विखुरलेल्या फायली सलग मांडणं) चालवलं की ती त्याच रात्री मान टाकू शकते.

बॅकअप झाला की रिस्टार्ट (प्रश्न २), मग टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला प्रोग्रॅम किती भार टाकतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी (प्रश्न ३). तोपर्यंत कुठलंही ‘स्पीड वाढवणारं’ सॉफ्टवेअर डाउनलोड करू नका. पुढे जे काही बदलाल ते एका वेळी एकच बदला आणि निदान काही तास वापरून पाहा. एका दमात पाच गोष्टी बदलल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही, आणि बिघडलं तर कशामुळे तेही कळत नाही.

२. मी रोज रात्री संगणक बंद करतो. मग रिस्टार्ट वेगळा कशाला करायचा?

कारण विंडोज ८ पासून ‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद असेलच असं नाही. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर विंडोज आपला गाभा आणि ड्रायव्हर (प्रिंटर, ग्राफिक्स कार्ड अशा भागांना चालवणारे छोटे प्रोग्रॅम) यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवतं आणि सकाळी तीच परत उचलतं. ड्रायव्हरमध्ये काही अडकलं असेल तर तेही जसंच्या तसं परत येतं. ‘रिस्टार्ट’मध्ये मात्र सगळं कोरं सुरू होतं.

टास्क मॅनेजरच्या ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये सीपीयूवर क्लिक करून ‘अप टाइम’ पाहा. रोज बंद करणाऱ्यांनाही तिथे वीस-पंचवीस दिवसांचा आकडा दिसू शकतो. शिफ्ट दाबून धरून शट डाऊन केलं तरीही संगणक पूर्ण बंद होतो.

३. टास्क मॅनेजरमध्ये नेमकं काय बघायचं?

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. संगणक मंद असतानाच दाबा. सुरळीत चालू असताना पाहून उपयोग नाही. सीपीयू (प्रोसेसर), मेमरी (रॅम) आणि डिस्क असे टक्क्यांचे रकाने दिसतील. रकान्याच्या नावावर क्लिक केलं की सगळ्यात जास्त खाणारा प्रोग्रॅम वर येतो.

सीपीयू सतत ९० च्या वर असेल तर कुठला तरी एक प्रोग्रॅम बेफाम झाला आहे किंवा पार्श्वभूमीला स्कॅन, अपडेट वगैरे चाललंय. मेमरी ८५ च्या वर असेल तर प्रश्न ६, डिस्क १०० असेल तर प्रश्न ४. तिन्ही आकडे कमी असूनही सगळं रखडत असेल तर उष्णता किंवा वीजपुरवठ्याकडे बघा (प्रश्न १४).

‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘सिस्टम आयडल प्रोसेस’समोर ९५ वगैरे आकडा पाहून अनेक जण घाबरतात. तो प्रोसेसर किती रिकामा बसलाय याचा आकडा आहे. जितका मोठा तितकं चांगलं.

४. डिस्क कायम १०० टक्के दाखवते. का?

माझ्या मते जुन्या लॅपटॉपबद्दलच्या तक्रारींपैकी सर्वांत जास्त इथेच येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी तुमच्याकडे फिरती हार्ड डिस्क आहे की एसएसडी ते पाहा. ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये डिस्कच्या नावाखाली लिहिलेलं असतं. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेते. विखुरलेला प्रत्येक तुकडा वाचायला तिचा हात सरकवावा लागतो आणि त्यात साधारण १० मिलिसेकंद जातात. म्हणजे अशी लहान कामं ती सेकंदाला शंभरेकच करू शकते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, तिला त्याच कामाला मिलिसेकंदाचा दहावा भागही पुरतो. आजचं विंडोज सुरू होताच अपडेट तपासणं, फायलींची सूची बनवणं आणि व्हायरस स्कॅन ही कामं एकाच वेळी काढतं. हार्ड डिस्क त्यात गुदमरते. चालू केल्यावर दहा-पंधरा मिनिटं १०० टक्के दिसून मग शांत होत असेल तर बिघाड काहीच नाही. डिस्क संथ आहे, एवढंच.

काळजी करायची वेळ वेगळी. त्याच टॅबमध्ये ‘ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ असतो. फारसं काम चालू नसतानाही तो वारंवार शेकडो किंवा हजारो मिलिसेकंदांवर जात असेल आणि वाचण्या-लिहिण्याचा वेग जेमतेम असेल, तर डिस्क तोच तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते आहे. अशा वेळी क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्रॅम चालवा. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, ती हा वाचून दाखवतो. ‘रीअलोकेटेड सेक्टर’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळी पाहा. दुसऱ्या ओळीत शून्याशिवाय काही असेल तर डिस्कवरचे काही भाग आत्ताच वाचता येत नाहीयेत. उरलेलं काम बाजूला ठेवून आधी बॅकअप पुरा करा. डिस्क दुरुस्त करणारी चेकडिस्कची लांब तपासणी त्याआधी अजिबात चालवू नका.

डेस्कटॉप असेल तर डिस्कची डेटा केबल एकदा काढून नीट बसवा. सैल केबलमुळेही हीच लक्षणं दिसतात.

५. रॅम वाढवू की एसएसडी टाकू?

विंडोज हार्ड डिस्कवर असेल तर आधी एसएसडी. जुन्या संगणकाला इतका फरक दुसऱ्या कशानेही पडत नाही. जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवता येते, सगळं नव्याने टाकायची गरज नसते. अर्थात जुन्या डिस्कची तब्येत चांगली असेल तरच.

एसएसडी आधीपासून असेल आणि रोजच्या कामात मेमरी ८५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर रॅम. विंडोज ११ ची किमान अट ४ जीबी आहे, पण त्यावर ब्राउजर उघडला की फारसं काही उरत नाही. साध्या कामाला ८ जीबी चालतात, १६ जीबीत निवांत काम होतं. घेण्याआधी दोन गोष्टी तपासा. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच जोडलेली असते, ती वाढवता येत नाही. आणि विंडोज ३२ बिट असेल तर घरगुती आवृत्त्यांत ४ जीबीच्या वरची रॅम वापरलीच जात नाही.

६. रॅम ९० टक्के भरलेली दिसते. रॅम क्लीनर वापरला तर चालेल का?

नको. असे प्रोग्रॅम चालू असलेल्या प्रोग्रॅमांची माहिती रॅममधून जबरदस्तीने बाहेर ढकलतात. आकडा खाली येतो, बघून बरं वाटतं आणि लगेच तीच माहिती डिस्कवरून परत आणावी लागल्याने संगणक आणखी रखडतो.

जास्त रॅम खाणारा बहुधा ब्राउजर असतो. क्रोम आणि एज यांचा स्वतःचा टास्क मॅनेजर आहे. ब्राउजर उघडा असताना शिफ्ट आणि एस्केप दाबा. कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन (ब्राउजरला जोडलेली जादा सोय) किती खातंय ते तिथे दिसतं. न लागणारी एक्स्टेन्शनं काढून टाका आणि सेटिंगमधली मेमरी वाचवण्याची सोय चालू ठेवा.

‘पेजिंग फाइल बंद करा, वेग वाढेल’ हा सल्ला बराच फिरतो. तो ऐकू नका. रॅम संपल्यावर विंडोज डिस्कवरच्या याच फायलीच्या आधारावर तग धरतं. ती बंद केली की रॅम भरताच प्रोग्रॅम धडाधड बंद पडू लागतात.

७. सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली आहे. काय उडवलं तर चालेल?

दहा टक्क्यांपेक्षा कमी जागा उरली की ती पट्टी लाल होते. हे मंदावण्याचं कारण आहेच, पण बंद पडण्याचंही आहे: प्रोग्रॅमना तात्पुरत्या फायली लिहायला जागा मिळत नाही, पेजिंग फाइल वाढू शकत नाही, अपडेट अर्धवट राहतं. पंधरा टक्के तरी मोकळे ठेवा.

सेटिंग्ज, सिस्टम, स्टोरेज या मार्गाने जा. तात्पुरत्या फायली, रिसायकल बिन आणि जुन्या अपडेटचे अवशेष तिथून बिनधास्त काढा. मात्र त्या यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं, त्यावर खूण करण्याआधी तो फोल्डर उघडून पाहा, कारण अनेकांची महत्त्वाची कागदपत्रं तिथेच पडलेली असतात. विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरांना हाताने कधीच हात लावू नका. मोठे व्हिडिओ दुसऱ्या ड्राइव्हवर हलवा.

८. चालू व्हायलाच पाच मिनिटं लागतात. काय करू?

टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप ॲप्स’ टॅबमध्ये जाऊन न लागणारे प्रोग्रॅम ‘डिसेबल’ करा. ते काढले जात नाहीत, फक्त आपोआप सुरू होत नाहीत. चॅट, गेम लाँचर, प्रिंटरचे मदतनीस, अपडेट तपासणारे, सगळे बंद चालतील. सुरक्षा, टचपॅड आणि आवाजाशी संबंधित असतील ते राहू द्या. तरीही फरक पडला नाही तर प्रश्न ४.

९. प्रोग्रॅम अचानक बंद होतो, काही मेसेजही येत नाही. कारण कसं शोधायचं?

विंडोजकडे याची नोंद असते, फक्त ती कुठे आहे हे फारसं कुणी सांगत नाही. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘रिलायबिलिटी’ असं इंग्रजीत टाइप करा आणि ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडा. दिवसांचा आलेख दिसेल. ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवशी लाल फुली असते. तिच्यावर क्लिक करून ‘टेक्निकल डिटेल्स’ वाचा. त्यात कोसळलेल्या प्रोग्रॅमचं नाव, ज्या घटकात तो कोसळला त्याचं नाव आणि एक सांकेतिक क्रमांक असतो.

गेल्या दोन-तीन आठवड्यांच्या फुल्या ओळीने पाहा आणि नमुना शोधा. निदानाचा खरा गाभा हाच.

दर वेळी एकच प्रोग्रॅम कोसळत असेल तर दोष त्याच्यात, त्याच्या ॲड-इनमध्ये (वरून जोडलेल्या जादा सोयीत) किंवा त्याने उघडलेल्या फायलीत (प्रश्न १०). प्रोग्रॅम वेगवेगळे पण घटक दर वेळी तोच, उदाहरणार्थ ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल, तर संशय त्या ड्रायव्हरवर (प्रश्न १२). प्रोग्रॅमही वेगळे, घटकही वेगळे, क्रमांकही वेगळे, कशाचाच मेळ नाही, तर बहुधा हार्डवेअर (प्रश्न ११). आणि फुल्या एखाद्या ठरावीक तारखेपासूनच सुरू झाल्या असतील तर त्याच्या आदल्या दिवशी काय बसवलं गेलं ते त्याच आलेखात दिसतं.

सी, मग सहा शून्यं आणि शेवटी ५ असा क्रमांक खूपदा दिसतो. प्रोग्रॅमने आपल्या हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला, इतकाच त्याचा अर्थ. त्यावरून कारण ठरत नाही. तसंच घटकाच्या जागी विंडोजच्याच एखाद्या मूळ डीएलएल फायलीचं (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशा फायलीचं) नाव दिसलं तर ती फाइल खराब आहे असं समजू नका. चूक दुसरीकडे होते आणि पडझड तिथे दिसते. अशी फाइल शोधून कुठल्या तरी साइटवरून उतरवणं हे व्हायरसला दार उघडून देण्यासारखं आहे.

१०. एकच प्रोग्रॅम बंद पडतो, बाकी सगळं ठीक चालतं. तर?

आधी तो अपडेट करा. मग तो एखादी विशिष्ट फाइल उघडतानाच पडतो का ते पाहा. तसं असेल तर प्रोग्रॅम निर्दोष असून ती फाइल बिघडलेली असू शकते. वर्ड किंवा एक्सेल असेल तर कंट्रोल दाबून धरून उघडा, म्हणजे ते ॲड-इनशिवाय सुरू होतं. त्यात नीट चाललं तर ॲड-इन एकेक करून बंद करत जा.

तरीही पडत असेल तर संगणकावर नवीन युजर खातं बनवून त्यात चालवून पाहा. तिथे चाललं तर तुमच्या खात्यातल्या सेटिंग बिघडल्या आहेत आणि प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला तरी त्या अनेकदा तशाच राहतात. म्हणून काढून पुन्हा टाकणं हा शेवटचा उपाय आहे, पहिला नव्हे.

११. रोज वेगवेगळे प्रोग्रॅम बंद पडतात, कधी निळी स्क्रीनही येते. हे कशामुळे?

पहिला संशय रॅमवर. शोधपट्टीत ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ शोधा आणि चालवा. संगणक रिस्टार्ट होऊन तपासणी करतो. एकही चूक दिसली तरी ती खरी समजा. मात्र काहीच सापडलं नाही म्हणजे रॅम ठणठणीत असंही नाही. अधिक कसून तपासायचं तर मेमटेस्ट८६ पेन ड्राइव्हवर घेऊन रात्रभर चालवा. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून वापरून पाहा. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रॅमचा वेग वाढवून ठेवला असेल तर तो मूळ जागी आणा. नवं काही विकत घेण्याआधी हे जरूर करा.

रॅम चांगली निघाली तर विंडोजच्या फायली तपासा. कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा आणि इंग्रजीत एसएफसी, एक स्पेस, तिरकी रेघ आणि तिला चिकटून स्कॅननाऊ असं (sfc /scannow) टाइप करा. डिस्कची तब्येतही पाहा (प्रश्न ४), कारण चुकीचं वाचणारी डिस्कही असाच गोंधळ घालते.

१२. फक्त गेम खेळताना किंवा व्हिडिओ एडिट करतानाच क्रॅश होतो. का?

तेव्हाच ग्राफिक्स कार्ड, प्रोसेसर आणि वीजपुरवठा यांच्यावर पूर्ण भार येतो. ग्राफिक्स कार्डाने ठरावीक वेळात, म्हणजे साधारण २ सेकंदांत, उत्तर दिलं नाही तर विंडोज त्याचा ड्रायव्हर जबरदस्तीने पुन्हा सुरू करतं. स्क्रीन क्षणभर काळी होऊन परत येते ती यामुळे. ड्रायव्हर कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घ्या. नव्या ड्रायव्हरपासूनच त्रास सुरू झाला असेल तर मागचा टाका. भार येताच संगणक सरळ बंदच होत असेल तर उष्णता किंवा वीजपुरवठ्याचा डबा तपासा.

इथे एक अपवाद आवर्जून सांगायला हवा. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळत होतं आणि त्यामुळे ते हळूहळू अस्थिर होत होते, हे कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं. अशा संगणकांवर गेम ‘ग्राफिक्सची मेमरी संपली’ असा दिशाभूल करणारा संदेश देऊन बंद पडायचे, आणि लोक ग्राफिक्स कार्डच बदलत बसायचे. तुमचा प्रोसेसर यांपैकी असेल तर मदरबोर्डचं नवं बायोस टाका, त्यात यावरची दुरुस्ती आहे. आधीच झालेलं नुकसान मात्र त्याने भरून निघत नाही. तसं असेल तर वॉरंटीत बदलून घ्या. या प्रोसेसरांची वॉरंटी कंपनीने दोन वर्षांनी वाढवली आहे.

१३. ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ आलं की लगेच बंद करायचं का?

थांबा. प्रोग्रॅमने पाच सेकंद विंडोजला दाद दिली नाही की हे शब्द येतात. तो मोठी फाइल सेव्ह करण्यात गुंतलेला असू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये त्याचा सीपीयू किंवा डिस्कचा आकडा हलत असेल तर काम चालू आहे. बराच वेळ दोन्हीकडे शून्य दिसलं तर ‘एंड टास्क’ करा.

१४. लॅपटॉप गरम होतो आणि मग रखडतो. दोन्हींचा संबंध आहे का?

थेट आहे. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. वेग ‘परफॉर्मन्स’ टॅबमध्ये गिगाहर्ट्‌झमध्ये दिसतो; भार असताना तो मूळ वेगाच्या बराच खाली बसला असेल तर ओळखा. गादीवर ठेवून वापरू नका, पंख्यातली धूळ काढून घ्या. काही वर्षं जुना असेल तर प्रोसेसरवरची, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्टही बदलावी लागते.

वेग अगदी एका गिगाहर्ट्‌झच्याही खाली अडकला असेल आणि लॅपटॉप गरमही नसेल तर चार्जर बदलून पाहा. कमी क्षमतेचा किंवा न ओळखलेला चार्जर लावल्यावर काही लॅपटॉप मुद्दाम वेग दाबून ठेवतात. टचपॅड वर उचलल्यासारखा दिसत असेल किंवा तळ फुगला असेल तर बॅटरी फुगली आहे. लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, बॅटरी स्वतः काढायला जाऊ नका.

१५. व्हायरस असेल का?

असू शकतो, पण लोकांना वाटतो त्यापेक्षा कमी वेळा. विंडोज सिक्युरिटीमधला ऑफलाइन स्कॅन चालवा. तो विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी तपासतो, त्यामुळे लपून बसलेलंही सापडतं. ब्राउजरमध्ये ‘तुमचा संगणक बाधित आहे, या नंबरवर फोन करा’ असं झळकलं तर ती फसवणूक आहे. फोन करू नका, ब्राउजर टास्क मॅनेजरमधून बंद करा.

दोन अँटिव्हायरस एकत्र ठेवू नका. दोघेही प्रत्येक फाइल तपासतात आणि एकमेकांना अडवतात. सुरक्षा सॉफ्टवेअर विंडोजच्या गाभ्यात शिरून काम करतं, त्यामुळे त्याच्या चुकीची किंमतही मोठी असते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या स्क्रीनवर अडकले होते.

१६. फॉरमॅट मारला की सगळं ठीक होईल ना?

बिघाड सॉफ्टवेअरचा असेल तर होईल. डिस्क, रॅम किंवा उष्णतेचा असेल तर दोन दिवसांत पुन्हा तेच. म्हणून प्रश्न ४, ९ आणि ११ आधी उरका.

करायचंच असेल तर सेटिंग्जमधलं ‘रीसेट धिस पीसी’ वापरा. ‘कीप माय फाइल्स’ निवडलं तर वैयक्तिक फायली राहतात, पण टाकलेले प्रोग्रॅम सगळे जातात. त्याआधी बॅकअप, सॉफ्टवेअरचे लायसन्स क्रमांक आणि बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्क-कुलपाची) ४८ अंकी रिकव्हरी की या तीन गोष्टी हाताशी ठेवा. अनेक नव्या लॅपटॉपवर डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली सापडते.

कोरं विंडोज टाकूनही, दुसरं काहीही न बसवता प्रोग्रॅम पडत असतील तर दोष हार्डवेअरचाच धरा.

१७. माझ्याकडे मॅक आहे. यातलं काय लागू पडतं?

टास्क मॅनेजरच्या जागी ‘ॲक्टिव्हिटी मॉनिटर’. त्यात मेमरीच्या टक्क्यांपेक्षा ‘मेमरी प्रेशर’चा रंग पाहा, हिरवा असेल तर रॅम पुरेशी आहे. कोसळलेल्या प्रोग्रॅमांच्या नोंदी ‘कन्सोल’ ॲपमध्ये मिळतात. नमुना शोधायची रीत प्रश्न ९ मधलीच.

१८. संगणक जुना आहे, विंडोज ११ बसत नाही. विंडोज १० वरच राहू का?

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. संगणक चालत राहील, पण सुरक्षा अपडेटशिवाय बँकेचे व्यवहार करणं मला तरी योग्य वाटत नाही. घरगुती वापरासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना आहे, तिच्यात नाव नोंदवा. किंवा एसएसडी टाकून लिनक्स मिंटसारखी हलकी प्रणाली वापरा. ती पेन ड्राइव्हवरून आधी चालवून बघता येते, डिस्कवरचं काही न पुसता.

१९. शेवटी दुरुस्तीला द्यायचा ठरवला. देताना काय सांगू?

‘स्लो आहे’ एवढंच सांगू नका. कधीपासून, काय करताना, आणि प्रश्न ९ मधल्या नोंदींचे फोटो द्या. डिस्कच्या तब्येतीचाही फोटो द्या. बॅकअप आधीच झालेला असू द्या आणि ‘मला न विचारता फॉरमॅट करू नका’ हे पावतीवर लिहून घ्या. ब्राउजरमधली बँकेची आणि मेलची खाती लॉग आउट करा. बदललेली डिस्क परत मागून घ्या, कारण तिच्यावर तुमची माहिती अजून असते.